छत्रीवरचा पाचवा थेंब

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, मुलीसमोर नाही, आणि पुण्यात माधवसमोर तर नाहीच नाही. दोन-तीनदा सांगायला बसले, पण ऐनवेळी चहाच टाकला, नाहीतर हवापाण्याचं काढलं. विषय बदलण्यात मी पटाईत आहे, माझ्या घरचं कुणीही सांगेल. आता पंचाहत्तरी उलटली. फ्रीमाँटच्या या घरात दुपारभर मी आणि माझे गुडघे, दोघंच असतो. म्हटलं, तुम्हाला सांगावं. मध्येच थांबले तर थांबू द्या हं – घाई केलीत तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगून मोकळी होईन.

गोष्ट एका जर्मन दिग्दर्शकाची आहे. म्हणजे – लोकांना ती त्याची वाटते. मूकपटांच्या काळातला फार मोठा माणूस. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. त्याच्या नावाला काही कमी पडलेलं नाही, जगभरच्या पुस्तकांत ते आहे. एका दिवाळी अंकात मी स्वतः ते पानोपानी लिहिलंय, तेवढं पुरे.

त्याचे सिनेमे मी पहिल्यांदा पाहिले ते पुण्यात, लग्नाआधी. फिल्म सोसायटीचे शो रविवारी सकाळी एका कॉलेजच्या हॉलमध्ये असायचे. खिडक्यांना काळे पडदे, लोखंडी खुर्च्या, खडखड करणारा प्रोजेक्टर. मुली आम्ही तिघी होतो, पुढे दोघी लग्न होऊन गेल्या. मी जर्मन शिकत होते, त्यामुळे पडद्यावर अक्षरं आली की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. "काय म्हणतोय गं?" मी सांगायची. की माना पुन्हा पडद्याकडे.

सिनेमा संपला की सगळी मंडळी इराण्याकडे. माधव – तेव्हाही तोच आमचा पुढारी, पुढे दिवाळी अंकाचा संपादक झाला – आणि त्याचे तीन-चार मित्र. चहावर चहा, आणि विषय हाच. त्याच्या सावल्या, त्याचे जिने, आणि त्याचं ते प्रसिद्ध तत्त्व: माणूस रडताना दाखवायचा नाही, मागे राहिलेली वस्तू दाखवायची. मी बनमस्का खात ऐकायची. मला किती काय काय म्हणायचं असायचं हो! पण मी तोंड उघडेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात. एकदा धीर करून बोललेच, तर माधव म्हणाला, "छान. बरं, मी काय म्हणत होतो –"

त्या 'छान'वर मी किती वर्षं जळले असेन, सांगा बरं.

आणि तरीही – हेच तर मला धड सांगता येत नाही – त्याच टेबलासाठी मी अमेरिकेत येऊन रडले. ऐंशीचं दशक होतं. सुहासला, माझ्या नवऱ्याला, सनीव्हेलमध्ये चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर राहायला आलो. मला काम करायचं परमिट नव्हतं. लेक मुक्ता शाळेत जायला लागली होती आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. मंडळाच्या गणपतीला भेटणाऱ्या बायका चांगल्या होत्या, उगाच का नावं ठेवू? पण बोलणं पावभाजीच्या मसाल्यापासून सुरू व्हायचं आणि फ्रीवेवरच्या ट्रॅफिकपाशी संपायचं. मी हसायची, भांडी उचलू लागायची. आणि मनात त्या इराण्याकडच्या टेबलाशी जाऊन बसायची. तिथे कुणी माझं ऐकत नव्हतं, माहीत होतं. तरी मला तिथेच जायचं होतं. एकदा, फक्त एकदा, त्या सगळ्यांनी गप्प बसून माझं ऐकावं, एवढंच हवं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

एर्नाबाई मला लॉन्ड्री रूममध्ये भेटल्या. एर्ना होल्ट्झ, वय ऐंशीच्या पुढे, खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. ड्रायर मध्येच बंद पडला म्हणून त्याला जर्मनमध्ये शिव्या घालत होत्या. मी हसले आणि जर्मनमध्येच म्हणाले की तो माझंही ऐकत नाही. बाई गर्रकन वळल्या. ओली चादर हातात तशीच. इतक्या वर्षांत शेजारपाजारी कुणी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला तो कपडे वाळेपर्यंत सोडला नाही.

मग रोजचंच झालं. मुक्ताला शाळेत सोडलं की मी खाली. त्यांची कॉफी, माझा चिवडा – चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायच्या, लबाड! एकदा बोलता बोलता मी त्या दिग्दर्शकाचं नाव घेतलं. पुण्यात आम्ही त्याचे सिनेमे बघायचो म्हणाले. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी त्याच्याकडे कामाला होते."

तेव्हा बर्लिनच्या स्टुडिओंत फिल्म कापायच्या आणि डिंकानं जोडायच्या कामाला पोरी ठेवत. पांढरे सुती हातमोजे घालून ओळीनं टेबलांशी बसायच्या. दिग्दर्शक सांगेल तिथे कापायचं, सांगेल तिथे जोडायचं. कुणाचं नाव कुठे यायचा प्रश्नच नव्हता. एर्नाबाई त्यातल्या एक, वय अवघं एकवीस.

त्याचा सगळ्यात गाजलेला सिनेमा एका रेल्वे सिग्नलवाल्याचा आहे. तो पावसातून घरी येतो, बायकोशी भांडतो, छत्री तशीच टाकून बाहेर पडतो आणि रुळांवर मरतो. बातमी घरी येते. बायको ओरडत नाही, रडत नाही. पडद्यावर दिसते ती फक्त दारामागे वाळत ठेवलेली उघडी छत्री, आणि तिच्या टोकावरून पडणारे थेंब. जगभर शिकवतात तो शॉट. त्याचं ते 'मागे राहिलेल्या वस्तू'चं तत्त्व तिथून सुरू झालं. पुढची कीर्ती, हॉलिवूडचं बोलावणं, म्हातारपणीच्या मुलाखती, सगळं त्या छत्रीवर उभं आहे.

ती छत्री एर्नाबाईंची.

नटी रडते तो शॉट खरं म्हणजे घेतला होता. पण तो धुताना खराब झाला, आणि नटी पुढच्या कामाला निघून गेली होती. दिग्दर्शक दोन दिवस डोकं धरून बसला. एर्नाबाईंनी टाकाऊ तुकड्यांच्या टोपलीतून छत्रीचा तुकडा काढला. कॅमेरावाल्यानं नुसता उजेड बघायला तो घेतला होता. कुणालाही न विचारता त्यांनी तो बातमीच्या पुढे जोडला आणि पाचव्या थेंबाला कापला. चौथ्याला कापून पाहिलं तर घाई वाटत होती. सहाव्याला मेलोड्रामा व्हायचा, म्हणाल्या. दिग्दर्शकानं ते पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे." महिन्याभरानं तो वर्तमानपत्रवाल्यांना सांगत होता की छत्री त्याला स्वप्नात दिसली.

म्हाताऱ्या माणसाची बढाई, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या थिएटरात तो सिनेमा लागला आणि मी त्यांना ट्रेननं घेऊन गेले. पन्नासहून जास्त वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. दुपारचा शो, अर्धं थिएटर रिकामं. छत्री यायच्या आधीच त्यांनी माझा हात घट्ट धरला. थेंब पडायला लागले तसं एकेक बोट दाबत गेल्या. एक, दोन, तीन, चार – पाचव्याला त्यांनी श्वास सोडला आणि त्याच क्षणी पडद्यावर चित्र बदललं. आणि आधी कधी दिसलं नव्हतं ते मला तेव्हा दिसलं: छत्रीमागच्या भिंतीवरचा उजेड आधीच्या शॉटशी जुळतच नाही. म्हणजे तुकडा खरोखरच वेगळ्या वेळचा होता. तेव्हापासून मला काडीचीही शंका नव्हती. हे लक्षात ठेवा. मला नक्की माहीत होतं.

परतताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या, मला पैसे नकोत, मान नको, एकदा कुठेतरी माझं नाव त्या शॉटशेजारी लिहिलेलं असावं. कुठेही. मी म्हणाले, मी लिहीन. अगदी छातीठोकपणे म्हणाले.

आणि काय योग बघा, पंधरवड्यातच माधवचं पत्र आलं. दिवाळी अंकात त्या दिग्दर्शकाच्या कारकिर्दीवर मोठा लेख हवाय. "तुला जर्मन येतं, तू अमेरिकेत आहेस, काही नवीन मिळालं तर बघ." मी नाचायचीच बाकी होते. तीन महिने लिहीत होते. पहिल्या खर्ड्यात एर्नाबाई होत्या, नावागावासकट, सहा पानं. ते खरोखर होतं, छातीवर हात ठेवून सांगते.

मग पक्का लेख लिहायला बसले. 'एर्ना होल्ट्झ सांगतात की', 'एर्ना होल्ट्झ यांच्या म्हणण्यानुसार' – लिहिता लिहिता पेन अडखळायला लागलं. मला त्या काळ्या पडद्यांच्या हॉलमध्ये माझ्याकडे वळणाऱ्या माना दिसायला लागल्या. पुन्हा तेच? पुन्हा मी दुसऱ्याचं बोलणं मराठीत करून सांगणारी?

मी ती सहा पानं काढली. त्या जागी लिहिलं की बारकाईनं पाहता मला असं दिसतं – मला! – की भिंतीवरचा उजेड जुळत नाही, म्हणजे हा तुकडा मुळात प्रकाश तपासायला घेतलेला असावा. आणि दिग्दर्शकाची प्रतिभा अशी की त्यानं केरातून तो उचलला आणि नेमका पाचव्या थेंबाला कापला. त्यानं जे केलं होतं तेच मी केलं, वर ते त्याच्याच पदरात घातलं. इतकं सोपं होतं ते, की एक शब्दसुद्धा खोडावा लागला नाही.

अंक छापून झाल्यावर माधवचं पत्र आलं. "काय नजर आहे तुझी! इराण्याकडे आम्ही तुला बोलू द्यायला हवं होतं." ते पत्र मी पर्समध्ये घेऊन हिंडायची. ग्रोसरीच्या रांगेत उभ्या उभ्या वाचायची. खोटं का बोलू, आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

अंक इकडे पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला. एर्नाबाईंना कुणकुण लागली होतीच. त्यांनी आलुबुखाराचा केक केला, ठेवणीतला ब्लाउज घातला, गळ्याशी ब्रूच लावला. "वाच," म्हणाल्या. "सगळं वाच, जर्मनमध्ये सांग."

मी तेव्हा काय करायला हवं होतं? तुम्हाला सुचतंय ना? मलाही आता दहा गोष्टी सुचतात.

मी वाचायला लागले. मराठी ओळीवर बोट ठेवून जर्मन सांगत होते. छत्रीपाशी आले आणि न थांबता, तोंड वर करून, कागदावर नसलेलं वाचत सुटले. टेबलांची रांग, पांढरे हातमोजे, एकवीस वर्षांची एर्ना, टोपलीतला तुकडा. इतकं सुंदर मी लेखात कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाई रडायला लागल्या. मग चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठं आहे?" मी त्यांचं बोट धरलं आणि 'प्रकाशयोजना' या शब्दावर ठेवलं. त्यांनी पेन्सिल मागितली. "चालेल ना?" विचारून त्या शब्दाखाली हलकी रेघ ओढली. मुक्ता शेजारी केक खात होती. "मॉम, व्हाय इज शी क्रायिंग?" म्हणाली. "हॅपी आहेत बेटा," मी म्हणाले. माझ्या लेकीला मराठी वाचता येत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं.

सुहासला मात्र वाचता येत होतं. रविवारी अंक चाळून म्हणाला, "अगं, खालच्या एर्नाबाईंचं काहीच नाही यात?" मी म्हणाले, माधवनं जागेअभावी कापलं. "यार, हा माधव म्हणजे," म्हणून तो पेपर वाचायला लागला. एका दगडात मी माधवलाही बदनाम केलं.

इथवर असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते. पण एर्नाबाईंनी मला न सांगता त्या पानाची झेरॉक्स काढली, रेघ ओढलेल्या शब्दाशेजारी बाण काढला आणि पश्चिम जर्मनीतल्या एका फिल्म संग्रहालयाला पाठवली. तिथे तो सिनेमा नव्यानं दुरुस्त करत होते. त्यांचं उत्तर मार्चमध्ये आलं. अत्यंत सभ्य पत्र. आमच्या विद्यापीठातल्या जाणकारांनी पान वाचलं, त्यात आपलं नाव आढळलं नाही, लेखिकेनं दोन ओळी लिहून दुजोरा दिला तर श्रेयनामावलीत नाव घालण्याचा जरूर विचार करू.

पत्र घेऊन बाई जिना चढून वर आल्या. त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, संपलं. पण त्या चिडल्या होत्या त्या जाणकारांवर! "त्या गाढवांना तुझी भाषा वाचता येत नाही," म्हणाल्या. "तूच लिही त्यांना." माझ्यावर शंकासुद्धा आली नाही त्यांना. मी म्हणाले, लिहिते.

दोन ओळी. लिहिल्या असत्या तर संग्रहालयानं विचारलं असतं की मग लेखात का नाही. ते माधवपर्यंत गेलं असतं. इराण्याकडच्या टेबलापर्यंत गेलं असतं. म्हणून मी लिहिल्या नाहीत. बाईंना सांगितलं, रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं.

एप्रिल, मे, जून. दुपारी पोस्टाची गाडी आली की त्या खालच्या पेट्यांपाशी उभ्या दिसायच्या. मी वरच्या खिडकीतून बघायची. किल्ली लावायच्या, पेटीत हात घालून मागपर्यंत चाचपायच्या, मग वर बघून मला हात करायच्या – आज नाही. मीही हात करायची. हळूहळू मी खाली जाणं कमी केलं. मुक्ताचं पोहणं आहे, पाहुणे आहेत, डोकं दुखतंय. त्यांनी कधी तक्रार केली नाही. सप्टेंबरात त्यांची भाची ओहायोहून आली आणि त्यांना तिकडच्या वृद्धांच्या होममध्ये घेऊन गेली. निघताना कारच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, उत्तर आलं की मला फोन कर हं. मी हो म्हणाले.

आता राहिलं ते सांगते. हे सांगायलाच बसले होते.

पुढच्या वर्षी एका सकाळी भाचीचा फोन आला. आंट एर्ना गेल्या, शांतपणे गेल्या. तिथल्या वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या होत्या. भाची म्हणाली, होममध्ये त्या सगळ्यांना सांगायच्या की तरुणपणी बर्लिनमध्ये त्यांनी सिनेमातला एक प्रसिद्ध शॉट जोडला होता आणि इंडियात ते छापून आलंय. आम्ही घरचे कधी मनावर घेतलं नाही. पण तुमचा नंबर डायरीत आहे. तुम्ही सांगा, खरं आहे का ते? असेल तर तेच पहिल्या ओळीत घालू.

एक 'हो' म्हणायचं होतं. ओहायोच्या गावातलं वर्तमानपत्र पुण्यात कोण वाचणार होतं? माधवला कळणार नव्हतं, कुणालाच कळणार नव्हतं. त्या वेळी मला कसली भीती होती? इतकी वर्षं शोधतेय, सापडत नाही. काहीच भीती नव्हती.

मी म्हणाले – अगदी मायेच्या आवाजात म्हणाले – "त्यांचं वय झालं होतं हो. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं कधीकधी."

"आम्हालाही तेच वाटत होतं," भाची म्हणाली, आणि तिनं माझे आभार मानले.

आठवड्याभरानं तिनं कात्रण पाठवलं. एर्ना होल्ट्झ, जन्म बर्लिन. सॅन फ्रान्सिस्कोत तीस वर्षं शिवणकाम केलं. मूलबाळ नाही. मांजरांची आवड होती. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, आणि मला हायसं वाटलं.